पसाभर कोंड्यावर घेतलेलं पोर

नही मास्तर, त्या लुगड्याले मी हात लावनार नही— नारळाले बी नही, ते दोन्ही उचला आन जसं आनलं तसं रुपचंद पाटलाच्या घरी नेऊन द्या. आन त्याले म्हना, मास्तरच्या हाती लुगडं धाडतोस, तुझे पाय मोडले का? नही नही, तुमी बसा, रागावून उठू नका, माझा राग लुगड्यावर आहे, तुमच्यावर नही. शेंगा खा. बियान्याच्या आहेत, पन दोन-चार खाल्ल्यानं काही पेरनी अडत नही. तुमी धुळ्याकडचे, चौदा वर्सं झाली तुमाले आमच्या गावात पोरं हाकता हाकता, तरी आमची रीत काही तुमाले उमगली नही— ज्या बाईची लेकरं राहत नही, तिले पुढचं झालं की ते सुपात घालाचं, उंबऱ्याबाहेर लोटाचं, आन दुसऱ्या बाईनं ते उचलून इकत घ्याचं. इकत म्हंजे काय, पसाभर कोंडा द्याचा. मंग ते पोर तिचं. सटवाई आली तं तिले वाटतं, हे तं या घरचं नहीच, कोंड्याच्या मोलाचं कोनाचं तरी आहे, आन ती तशीच माघारी जाते. रुपचंदच्या बायकोचा, भिकुबाईचा सुपडू असा मी घेतला. जल्म देनारी ती, पन धनीन मी. हळदीच्या दिवशी मायबाप लुगडं-नारळ देऊन पोर सोडवून नेता, आन तवर त्याचं जावळ असो, शाळा असो, गाव सोडनं असो, इचाराले माझ्या उंबऱ्यावरच यावं लागतं. हळदीले तं अजून लय येळ आहे सुपडूच्या. मंग आत्ताच लुगडं कशाले? मले काय कळत नही?

त्या कागदासाठी. दाखवा पाहू पुन्हा— मले वाचता येत नही, पन पाहाले काय जातं. हा पुन्याचा ना? डॉक्टरकीच्या शाळेचा. केवढा छापेल आहे, लग्नपत्रिका बी एवढी नही छापत कोनी. आन इथं खाली बापाची सही पाहिजे, आन सोमवारच्या टपालात हा पडला पाहिजे, नही तं ती जागा दुसऱ्याले. चार वर्सं शिकाचं आन मंग डॉक्टर. आमच्या गावचा, सुपात लोटेल सुपडू, डॉक्टर! रुपचंद म्हनतो, तानुबाईनं हो म्हनलं की मी सही ठोकतो. भिकुबाई म्हनते, तानुबाई नही म्हनली तं माझ्या पोराचं पाऊल शिवेबाहेर पडनार नही. तिचं बी काय चुकलं, चार गेले तिचे या सुपडूच्या आधी, चार— तिले आता दाराच्या खडखडीचं बी भेव वाटतं. मी दोनदा नही म्हनलं, म्हनून त्यांनी ही शक्कल काढली, आत्ताच सोडवून घेऊ, मंग म्हातारीले इचाराचं कामच नही. आन पुढं केलं तुमाले. मास्तर लोक बोलाले बरे असता. सकाळपासून तिसऱ्यांदा इचारता तुमी, तानुबाई, का नही, का नही.

का नही म्हंजे? पुनं किती दूर! बोदवडले गाडीत बसा, भुसावळले उतरा, मनमाडले उतरा, आन कुठं कुठं उतरा. तिथं त्याले कळन्याची भाकर कोन देईन? भात खाता म्हनता तिकडं. भात खाऊन आमचा मानूस आठ दिवसांत चिपाड व्हतो. आन बोलनं! सुपडूनं तोंड उघडलं, मले-तुले केलं, की पुन्याची पोरं दात काढतीन. तुमाले नही का आमी हसलो पहिल्या वर्सी, ‘आहे’च्या जागी तुमी ‘शे’ म्हनत तवा? बायांचं तं पानवठ्यावर दुसरं कामच नव्हतं, मास्तर काय म्हने, ‘काय शे बठ्ठं’ म्हने. तुमी हसून घेतलं, तुमी मोठे व्हते. ते पोर लाजाळू आहे, तोंडच मिटून बसीन चार वर्सं. आन मढी फाडाची— ते खरं का खोटं? खरं! मंग झालंच. पाटलाचा पोर मढ्यात हात घालीन आन त्याच हातानं जेवीन. कोन देईन त्याले पोरगी? हसता काय? हो हो, साबन लावून धुता हात, ठाऊक आहे मले, साबनाचं मले सांगू नका. आन नापास झाला तं गावात तोंड दाखवता येनार नही, आन पास झाला तं त्याहून वाईट— सरकार त्याले धाडीन कुठं कारवारले नही तं सिंधेत, बूट घालनारी बायको करीन, आन वर्साच्या वर्साले एक कारड. मी सांगते, डॉक्टर झालेलं पोर हे पाहुन्यासारखंच असतं.

बरं, राहू द्या. दुसऱ्या अंगानं पाहू म्हनता, तं पाहू. मी काय आंधळी आहे? जामनेरचा दवाखाना इथून सात कोस, आन श्रावनात नाला चढला की ते सात कोस काशीएवढे व्हता. धुरपदाबाईची सून गाडीतच गेली नाल्याच्या अलीकडं, बैलं सोडून लोक पानी उतराची वाट पाहत बसले व्हते. पोर आडवं व्हतं. दोन दिवस मी झटली, मास्तर, तेल लावलं, पोट चोळलं, नही वळलं. डॉक्टर असता तं त्यानं काही तरी केलं असतं, त्यांच्याकडं हत्यारं असता, सुया असता. मंग, गावात आपला डॉक्टर असनं म्हंजे काय, हे मले तुमी शिकवू नका. आन सुपडूचे हात! तुमी त्याचं अक्षर पाहिलं, मी हात पाहिले. मागल्या दिवाळीले रुपचंदची गाय अडली व्हती. गडी दोरी बांधून ओढा म्हनत व्हते. पोरगं सुटीवर आलेलं, त्यानं बंडी काढली, हाताले तेल लावलं, कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले, आन आतल्या आत वासराचा दुमडेल पाय सरळ केला. गायीनं हंबरडा बी नही फोडला. कोनी शिकवलं त्याले? कोनी नही. असे हात मी जल्मात दोघांचे पाहिले, एक माझ्या सासूचे, एक त्याचे. माझे नही. माझे हात... खा ना शेंगा, तुमी नुसत्या हातात धरून बसले.

आलेच तुमी तिथं. जळगावले जाऊ दिलं, मंग पुन्याले का नही— हे मले रुपचंदनं इचारलं, भिकुबाईनं इचारलं, सुपडूनं नही इचारलं, तो नुसता पाहून राहिला. सात वर्सांमागं त्याले जळगावच्या हायस्कुलात धाडाचं व्हतं तवा मी एका शब्दात हो म्हनली, शिदोरी बी मीच बांधून दिली. हो, दिली. तवा मले ठाऊक नव्हतं ना. काय ठाऊक नव्हतं? काही नही. बोलाची गोष्ट.

मास्तर, एक इचारू? त्या पुन्याच्या शाळेत बाळंतपनाचं शिकवता का? पुरुषांले बी? कितव्या वर्सी? आन पुस्तकात लिहेल असतं ते बठ्ठं— म्हंजे नाळ कशी कापाची, कशानं कापाची, नीट नही कापली तं काय व्हतं, ते बी? तुमाले काय ठाऊक म्हना, तुमी थोडंच शिकले. पन असनारच. एवढं मोठं पुस्तक असतं, त्यात नाळ नसन असं कसं व्हईन. पयल्या वर्सी नसलं तं तिसऱ्या वर्सी असन. नही, सहज इचारलं. तुमी असे डोळे बारीक करून पाहू नका, पोरगं पाढा चुकल्यावर पाहता तसे.

फैजपूरले काँग्रेस भरली ना, त्या हिवाळ्याची गोष्ट. लोकल बोर्डाचा शिपाई आला, म्हने दाईंले जळगावले बोलावलं आहे, पंधरा दिवस, राहनं-खानं बोर्डाकडं, जाताना एक पेटी मिळनार. मले हसू आलं. केस पिकले माझे बाळंतपनं करता करता, आन आता मले शिकवता! पन सुपडू तिथंच हायस्कुलात व्हता, म्हनलं तेवढंच त्याले पाहता येईन, म्हनून गेली. वीस-बावीस जनी व्हतो, कोनी यावलची, कोनी एरंडोलची, बठ्ठ्या माझ्यासारख्याच तंबाखू चोळनाऱ्या. शिकवनारी नर्सबाई, पांढरं पातळ, मले नात असती तं तिच्याएवढी. चांगली व्हती पोरगी, आज्जी आज्जी करायची. एक दिवस तिनं इचारलं, आज्जी, नाळ कशानं कापता? मी म्हनलं, इळ्यानं. वर काय लावता? मी म्हनलं, गोवरीची राख, वस्त्रगाळ चाळून, चिमूटभर, बोटानं दाबून, माझ्या सासूनं शिकवली तशी. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मास्तर. कारन बाकीच्या कोनी माती लावता, कोनी कच्चं शेन, आमच्या घरची राख म्हंजे एकदम सोवळ्यातली. ती पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. मंग म्हने, तुमच्याकडं लेकरं सातव्या-आठव्या दिवशी जाता का? दूध ओढत नही, जबडा बसतो, आंग मागं वाकतं? मी म्हनलं, जाता तं, सटवाई नेते. बठ्ठ्या जनी म्हनल्या, नेते. ती म्हने, सटवाई नही, आज्जी. तो धनुर्वात आहे. तो शेनात असतो, शेनाच्या राखेत राहून जातो, इळ्याच्या गंजात असतो, आन ताज्या नाळीतून आत जातो.

मी लय भांडली तिच्याशी. म्हनलं, तुझी माय जल्मली नव्हती तवापासून मी बाळंतपनं करते. म्हनलं, माझ्या सासूनं राख लावली, तिच्या सासूनं लावली, आमी काय बठ्ठ्या लेकरंखाऊ? तिनं पेटी माझ्या मांडीवर ठेवली. कात्री, दोरा, साबन, पत्र्याचं भगुनं. गावात आल्यावर ती पेटी मी फडताळात टाकून देनार व्हती. पन मनात म्हनलं, पाहू, एकदा करून पाहू आन त्या पोरीले खोटी पाडू. कात्री उकळली, दोरा उकळला, हात साबनानं घासले, राख लावली नही. अडीच वर्सं झाली. एकोनतीस बाळंतपनं केली, मास्तर, आन सातव्या दिवशी एक नही गेलं. एक बी नही. गावात म्हनता, तानुबाईच्या हाताले आता देवाचा गुन आला, म्हनता, हिची ओटी भरा. मी घरी येते, कडी लावते, आन भुईवर बसून राहते. पहिलं लेकरू आठवा दिवस पार करून गेलं तवा वाटलं, चुकून जगलं असन. पाचवं जगलं. दहावं जगलं. लोक पेढे वाटत, आन मले वाटे, यातलं एखादं जावं, एक तरी जावं, म्हंजे ती नर्स खोटी पडीन. असं वाटलं मले, तुमाले खोटं कशाले सांगू. कळतं का तुमाले मी काय म्हनते? ही जगली म्हंजे ती आधीची मी मारली.

आन सुपडू! सुपडू कोंड्यानं जगला म्हनता ना लोक. मी बी तेच समजून व्हती एवढी वर्सं. मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या वर्सी जल्मला तो. भिकुबाईचे चार गेल्ते, चारी सातव्या-आठव्या दिवशी, चारी माझ्या हातचे. पाचव्याच्या येळी रुपचंद म्हने, हे घरच लाभत नही, हिले माहेरी नेऊन घालतो. गाडी जुंपली, संगं मी. बोदवडच्या अलीकडं भर रस्त्यात तिले कळा लागल्या. बैलं सोडली, गाडीखाली पोतं टाकलं, तिथंच पोर झालं. जवळ इळा नही. बांधावर बांबूचं बेट व्हतं, त्याची हिरवी कामटी सोलली, तिनं नाळ कापली, भिकुबाईच्या नव्या लुगड्याची दशी काढून बांधली. आन राख नव्हती. राखेसाठी मी जीव टाकला हो! या मळ्यातून त्या मळ्यात पळाली, कुठं चूल नही, गोवरी नही, काही नही. आठ दिवस मी रडत व्हती, राख राहिली, राख राहिली, आता हे बी जानार. म्हनून तं त्या पोराले मी सुपात घातलं. दुसरी बाई पाहाची असते, नात्याबाहेरची, पन मी म्हनलं दुसरी कशाले, मीच घेते. पसाभर कोंडा भिकुबाईच्या पदरात टाकला आन म्हनलं, हे माझं. आन ते जगलं. बठ्ठ्या तालुक्यात माझं नाव झालं. दूरदूरहून बाया येत, तानुबाई, माझं पोर इकत घे, तानुबाई, माझं घे. मी घेत जाये, कोंडा देत जाये, आन जल्माच्या येळेले मीच राख लावत जाये. आन सुपडू जगला तो नुसता राख नव्हती म्हनून. दुसरं काही नही, मास्तर. रस्त्यात राख मिळाली नही म्हनून.

आता सांगा, धाडू त्याले पुन्याले? एक ना एक दिवस पुस्तकातलं ते नाळेचं पान येनारच. आन तो काही मठ्ठ नही, तुमीच म्हनता, हिशेबात पहिला. त्याले किती येळ लागनार? आईचे चार गेले. कोन्या दिवशी गेले? आठव्या. सुईन कोन व्हती? पुस्तक मिटीन तो. ओरडनार नही, भांडनार नही, तसं पोरगं नही ते. सुटीत येईन, पाया पडीन, मले माय म्हनीन— जल्म देनारीले आई म्हनतो आन मले माय, लहानपनापासून. माझ्या पोटचं कोनी नही, मास्तर, हे एकच आहे, कोंड्याचं. माय म्हनीन, आन माझ्या हाताकडं पाहीन. बाकी काही नही, एकदा नुसता पाहीन. ते मले सोसनार नही. मी मरून जाईन असं नही म्हनत, मरन एवढं सोपं नसतं, पन जगून बी काय करू मंग?

तुमी म्हनसान, अजानता झालं, तानुबाई. रोज मी मले तेच सांगते. पन अजानता मेलेलं लेकरू काय कमी मेलेलं असतं? आन गावाचं भलं, गावाचं भलं म्हनता, ते मले नही कळत? आपल्या गावात मी कात्री उकळते, पन चहूकडं चाळीस गावं आहेत, तिथं इळाच आहे आन राखच आहे. माझी नणंद शेवंताबाई तिच्या गावात सुईनपन करते. पोळ्याले गेल्ती मी तिच्याकडं, मुद्दाम. म्हनलं, राख लावू नको वो. ती म्हने, का? आता का ते सांगाचं तं आधी माझं सांगावं लागतं. मी म्हनलं, सरकारचा हुकूम आहे. ती इतकी हसली, म्हने सरकार आता बाळंतिनीच्या खोलीत बी आलं का. तिच्या गावात पोळ्यापासून तीन गेले. ते बी माझ्याच माथी धरा, मी धरते. तिले सांगाले आपल्यातला कोनी पाहिजे, मले-तुले बोलनारा, पाटलाचा, शिकेल— ज्याच्या शब्दाले ती मान देईन. असा एकच आहे आन त्याचा कागद तुमच्या हातात आहे, एवढं मले स्वच्छ कळतं. तरी मी नही म्हनते. माझ्या एकटीच्या तोंडासाठी. वाईट बाई आहे म्हना, म्हना ना, माझी ना नही.

तुमाले वाटतं, म्हातारी वाढवून सांगते. चार नही हो. चार एकट्या भिकुबाईचे. भाकरी थापता थापता मी घरं मोजते, रोज, वेशीपासून. लोटनकडचं एक. चिंध्याकडचे दोन, त्यातली एक पोरगी, लय गोरी व्हती. कमलबाईचा पहिला. छगनकडची जुळी, दोघं एकाच दिवशी, एक सकाळी, एक दिवे लागताना. रुपचंदचे चार धरलेच. पारापासून वळलं की बेबाबाईचा, मंग शाळा, शाळेच्या मागं तुमच्या...

शेंगा सांडल्या, मास्तर...

मी काही बोलली नही, मास्तर. घरं मोजत व्हती, जीभ वाहवली. म्हाताऱ्या मानसाचं काय धरता. पानी देऊ? थांबा, देते पानी.

तुमी असं नका पाहू. बोला काही तरी. शिव्या द्या.

हो. लावली व्हती. चिमूटभर.

पाच वर्सं झाली ना या भादव्यात. तुमच्या घरच्या बाई पहिलटकरीन. तुमी म्हनत व्हते, धुळ्याले माहेरी धाडतो, तिथं मोठा दवाखाना आहे, आन मी म्हनलं, एवढ्या दूर गाडीत हाल कशाले, मी आहे ना. मी आहे ना म्हनलं मी. मुलगा झाला तवा तुमी शाळेतल्या पोरांले गूळ वाटला. सातव्या दिवशी त्यानं दूध सोडलं, तुमी सायकल घेऊन जामनेरले पळाले डॉक्टरले आनाले, आन तुमी येवोस्तोवर ते माझ्या मांडीवर वाकत व्हतं, हे असं, आन बाई इचारत व्हत्या, तानुबाई, असं काय करतो तो, आन मी अंगारा लावत व्हती. मंग त्या माझ्या खांद्यावर पडून रडल्या. तुमच्या आधी माझ्या खांद्यावर. त्यानंतर त्यांची कूस काही भरली नही.

आता बोला ना. सकाळपासून मले समजावत व्हते, धाड म्हनत व्हते, गावाची लेकरं वाचतीन म्हनत व्हते. म्हना आता, धाड म्हना. नही निघत ना तोंडातून? मंग माझ्या तोंडातून कसं निघन? तुमी त्याचे मास्तर, तुमी त्याले पयलं अक्षर काढून दिलं, तुमच्यानं नही बोलवत, आन मी हो म्हनू?

एक करा माझ्यासाठी. बाईंले सांगू नका. तुमाले कळलं ते कळलं, तुमी पुरुष मानूस, कुठं तरी गाडून टाकसान. त्यांले नका सांगू. आखाजीच्या सनाले त्यांनी खापरावरच्या दोन पुरनपोळ्या धाडल्या, ताटावर रुमाल झाकून, संगं निरोप— तानुबाईच्या हातानं माझ्या बाळानं शेवटचा घोट घेतला, तिले आधी द्या. मी खाल्ल्या, मास्तर. दोन्ही खाल्ल्या. गोड लागल्या. रस्त्यात भेटल्या की त्या मले वाकून नमस्कार करता, आन मी आशीर्वाद देते, काय देते ते त्या देवाले ठाऊक. तेवढं माझं राहू द्या.

रुपचंदले सांगा, नही म्हनली. सुपडूले बी तेच सांगा, का ते सांगू नका, म्हातारीचं डोकं फिरलं म्हना, तो ऐकून घेईन, ऐकून घेनारं पोर आहे. घरी गेल्यावर बाई इचारतीन, काय म्हनली तानुबाई. त्यांले बी सांगा, नही म्हनली.

उठा आता. बाई वाट पाहत असतीन.

मास्तर. उठा ना.